जावंसं वाटणं, करावंसं वाटणं

जर्मनीतल्या कोलोन शहरात नैराश्याच्या तीन रुग्णांवर एक धाडसी उपचार करून पाहण्यात आला. तेव्हा बॉनमध्ये असलेले मनोविकारतज्ज्ञ थॉमस श्लेप्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. औषधं, मानसोपचार, विजेचे झटके असं सगळं करूनही ज्यांना उतार पडला नव्हता, असे हे रुग्ण. त्यांच्या मेंदूत खोलवर, ‘न्यूक्लियस अॅकम्बन्स’ नावाच्या छोट्याशा भागात बारीक तारा बसवल्या आणि त्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडला. प्रवाह सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एक रुग्ण आपणहून म्हणाला, की आपण कोलोनमध्ये आहोत आणि इथलं ते प्रसिद्ध कॅथीड्रल आपण अजून पाहिलेलंच नाही. बघायला जायचं आहे. दुसऱ्या दिवशी तो गेलाही. आणखी एका महिला रुग्णाला बोलिंगचा खेळ पुन्हा सुरू करावासा वाटला. आजार जडण्याआधी तो तिचा आवडता खेळ होता.

‘मला आनंद झाला’ असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. त्यांना काहीतरी करावंसं वाटलं, एवढंच. मराठी कानाला हा फरक चटकन कळतो, कारण मराठीने त्यासाठी क्रियापदाचं एक रूपच राखून ठेवलं आहे. खावंसं वाटणं, जावंसं वाटणं, बोलावंसं वाटणं. जेवण गोड लागणं वेगळं आणि जेवावंसं वाटणं वेगळं. एक गोडी, दुसरी ओढ. नैराश्यात मेंदूचं नेमकं काय बिघडतं याचा शोध घेता घेता मेंदूविज्ञान गेल्या तीन-चार दशकांत याच फरकापाशी येऊन पोहोचलं आहे. नैराश्यातल्या माणसाशी घरात, कचेरीत आणि दवाखान्यात जे बोललं जातं, ते या शोधाच्या उजेडात पुन्हा तपासायला हवं. त्यातलं बरंच नुसतं निरुपयोगी नाही, तर जखमेवर मीठ चोळणारं आहे.

सुख न जाणवण्याच्या या अवस्थेला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी १८९६ साली ‘अॅनहेडोनिया’ हे नाव दिलं. वेदना न जाणवण्याला वैद्यकात शब्द होता, त्याच धर्तीवर त्यांनी हा घडवला. मराठी माणूस तेच ‘कशातच राम वाटत नाही’ अशा शब्दांत सांगत आला आहे. पुढे १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने या लक्षणाला नैराश्याच्या केंद्रस्थानी आणलं. आज निदानाचा नियम असा आहे, की उदास मन किंवा आवड हरपणं या दोहोंपैकी एक तरी लक्षण निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, असलंच पाहिजे. म्हणजे डोळ्यांतून टिपूस न काढणाऱ्या माणसालाही तीव्र नैराश्य असू शकतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या यादीत दुःखाचा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न आहे तो काही करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, हा.

घरात हे कसं दिसतं? डोंबिवलीहून रोज भजनी मंडळाच्या डब्यात चढून टाळ वाजवणारा माणूस एक दिवस शेजारच्या डब्यात चढतो, आणि मग रोजच. रविवारी मटण आणायला स्वतः जाणारे, कसायाशी हुज्जत घालणारे काका ‘आणा काहीही’ म्हणू लागतात. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात अर्धा दिवस घालवणारा शेतकरी ते काम पोरावर सोपवून ओसरीवर बसून राहतो. रडारड नाही, आदळआपट नाही. त्यामुळे कुणाला शंका येत नाही. महिना-दोन महिने जातात आणि मग घरातून शब्द येतो, आळस. बायकांच्या वाट्याला याहून कडू शब्द येतात. नैराश्याचं याहून चुकीचं निदान दुसरं नसेल, आणि ते कुठल्याही डॉक्टरपेक्षा लवकर केलं जातं.

ते चुकीचं का, हे समजायला थोडं मागे, कॅनडातल्या मॉन्ट्रिअलला जावं लागतं. मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवून असा प्रयोग केला, की खटका दाबला की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा हलका स्पर्श व्हावा. उंदीर तो खटका तासाला शेकडो, पुढच्या प्रयोगांत हजारो वेळा दाबत राहिले. १९५४ साली हे प्रसिद्ध झालं आणि मेंदूतलं ‘सुखाचं केंद्र’ सापडलं अशी हवा झाली. तिथे काम करणारं एक महत्त्वाचं रसायन डोपामिन आहे हे नंतर कळलं, आणि मग डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन हे समीकरण पक्कं बसलं. ते आजही मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या आरोग्यसल्ल्यात भेटतं.

या समीकरणाला तडा दिला मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी. उंदराच्या जिभेवर गोड थेंब टाकला की तो ओठ चाटतो, कडू टाकला की तोंड वेंगाडतो. तान्ही बाळंही तेच करतात. गुटी पाजताना बाळाचा चेहरा पाहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवण्यात आलं होतं, अशांवर हा प्रयोग केला. असे उंदीर समोर अन्न असूनही खात नाहीत. नळीने भरवलं नाही तर उपाशी मरतात. सुखाचं रसायनच संपलं, तर गोडाची गोडीही संपायला हवी होती. पण गोड थेंब जिभेवर पडताच ते पूर्वीसारखेच ओठ चाटत होते. गोडी शाबूत होती. तिच्याकडे जाण्याची ओढ तेवढी गेली होती.

त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या डोपामिन पेशी ऐकत होते. शब्दशः ऐकत होते, कारण पेशीतले विद्युतस्पंद ध्वनिक्षेपकावर टिकटिक करत. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की टिकटिक वाढे. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं, की टिकटिक दिव्याला होऊ लागे आणि प्रत्यक्ष रसाला होईनाशी होई. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी पेशी गप्प होत. १९९७ साली शुल्ट्झ यांनी पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्याबरोबर याचा अर्थ मांडला. या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, याचा हिशेब ठेवतात आणि त्यावरून पुढच्या वेळी कशाकडे धावायचं हे शिकवतात. पगार होण्यापेक्षा पगाराचा मेसेज येण्याची वाट पाहण्यात जास्त जीव का अडकतो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

आता नैराश्य. एखाद्याची जगण्याची गोडी गेली म्हणतो, तेव्हा जिभेचीही जाते का, हे थेट तपासून पाहिलेलं आहे. नैराश्याच्या रुग्णांना आणि निरोगी माणसांना साखरेचं पाणी चाखायला दिलं आणि किती आवडलं ते विचारलं. अशा बऱ्याच चाचण्यांत दोन्ही गटांच्या उत्तरांत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो अन्यत्र. अमेरिकेत मायकेल ट्रेडवे आणि सहकाऱ्यांनी एक साधा खेळ तयार केला. दोन पर्याय. सोप्यात हाताच्या तर्जनीने सात सेकंदांत ३० वेळा बटण दाबायचं, पैसे थोडे. अवघडात कमी वापराच्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा दाबायचं, पैसे जास्त. करंगळीने शंभर वेळा बटण दाबणं अशक्य नाही, पण कंटाळवाणं आणि दमवणारं आहे. नैराश्याच्या रुग्णांनी अवघड पर्याय निरोगी माणसांपेक्षा कमी वेळा निवडला. हा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला.

मेंदूसंशोधक जॉन सॅलमोन यांच्या उंदरांनी हेच आधी दाखवलं होतं. एका वाटेला जास्त खाऊ पण मध्ये जाळीचं कुंपण, दुसऱ्या वाटेला कमी खाऊ पण मोकळा रस्ता. धडधाकट उंदीर कुंपण चढून जात. डोपामिन घटवलेले उंदीर मोकळ्या वाटेने थोडक्यावर समाधान मानत. कुंपण काढून टाकलं, की तेही जास्त खाऊकडेच जात. त्यांना जास्त खाऊ कुठे आहे हे कळत होतं, तो हवाही होता. फक्त कुंपण त्यांना फार उंच झालं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे आळसासारखंच दिसणार. पण आळशी माणूस कष्ट टाळून मजा करतो; इथे मजेपर्यंत पोहोचण्याचा चढच मेंदू अव्वाच्या सव्वा मोजतो आहे. नैराश्यातल्या माणसाला आंघोळीला उठणं डोंगराएवढं वाटतं असं तो सांगतो, तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो.

बिघाड एवढाच नाही. विस्कॉन्सिनमध्ये अॅरन हेलर आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००९ साली रुग्णांना आनंददायी चित्रं दाखवली, ती भावना वाढवत नेण्याचा प्रयत्न करायला सांगितला आणि मेंदूचं चित्रण केलं. सुरुवातीला न्यूक्लियस अॅकम्बन्सचा प्रतिसाद निरोगी माणसांसारखाच होता. वेळ जाऊ लागला तसा तो ओसरत गेला. निरोगी माणसांत टिकून राहिला. लग्नघरात आलेला असा माणूस पहिली दहा मिनिटं छान हसतो-बोलतो आणि मग कोपऱ्यातली खुर्ची गाठतो. ‘आत्ता तर हसत होता, म्हणजे नाटक आहे’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे चित्रण लक्षात ठेवायला हवं. हार्वर्डमध्ये डिएगो पिझागाली यांनी केलेल्या प्रयोगांत आणखी एक धागा मिळाला. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन चित्रांपैकी एकाला बरोबर ओळखल्यावर जास्त वेळा बक्षीस मिळत असेल, तर निरोगी माणूस नकळत त्या चित्राकडे झुकतो. नैराश्याच्या रुग्णांचा हा झुकाव कमी पडतो. चांगलं घडतं, पण ते मागे खूण सोडत नाही. कालची संध्याकाळ बरी गेली, म्हणून आज पुन्हा जावंसं वाटत नाही.

इथे सावध राहायला हवं. नैराश्य म्हणजे डोपामिनची टंचाई, असं म्हणणं ‘नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची टंचाई’ या जुन्या सरधोपट विधानाइतकंच चुकीचं ठरेल. लंडनमधल्या एका प्रयोगात, २०१७ साली, नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूतला अपेक्षा आणि प्राप्तीचा हिशेब व्यवस्थित चाललेला दिसला होता. नैराश्य एकाच नावाखाली वावरणारे अनेक आजार असावेत, आणि त्यांतल्या काहींतच ओढीचं यंत्र मुख्यतः बिघडत असावं, हेच जास्त पटतं. बिघाडाच्या वाटाही अनेक आहेत. संशोधक पॉल विल्नर यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की उंदरांना मोठा धक्का द्यायची गरज नसते. कधी पिंजरा तिरका, कधी अंथरूण ओलं, कधी रात्री दिवे, असे किरकोळ पण बेभरवशाचे त्रास आठवडेच्या आठवडे दिले की ते साखरेच्या पाण्याकडे वळणं कमी करतात. कावीळ ‘क’साठी इंटरफेरॉन हे शरीरातला दाह वाढवणारं औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांना उपचारादरम्यान नैराश्य येई, आणि त्यांच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अॅकम्बन्सच्या भागाचा प्रतिसाद मंदावलेला आढळला. शरीरातला दाह मनाची उभारी कशी काढून घेतो, याचा तो पुरावा होता. दीर्घ आजारपणातल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ सांगणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

औषधांची कथाही ओढीपासूनच सुरू होते. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२च्या सुमारास क्षयाच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड हे नवं औषध वापरलं जात होतं. फुप्फुसं बरी होण्याआधीच रुग्ण तरतरीत झाले, खाऊ लागले, वॉर्डात नाचू लागले. पुढे हेच औषध नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरलं. आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी औषधं सेरोटोनिनवर काम करतात. असंख्य लोकांना ती तारून नेतात, आणि डॉक्टरला न विचारता ती बंद करणं धोक्याचं आहे. तरी काही रुग्ण सांगतात, की रडू थांबलं पण हसूही सपाट झालं. ही तक्रार ऐकून घेतली पाहिजे, कारण उपचार बदलता येतात. कंपवातावरचं प्रामिपेक्झोल हे डोपामिनसारखं काम करणारं औषध, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात उपयोगी पडू शकतं असं ब्रिटनमधल्या एका चाचणीत २०२५ साली दिसलं. पण दुष्परिणामही ठळक होते. कोलोनच्या त्या तारांचंही तसंच. नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी सुरुवातीच्या आशा पूर्ण केल्या नाहीत.

मग जो उपाय स्वस्त आहे, चाचण्यांत उतरलेला आहे आणि मराठी मुलखाच्या अगदी शेजारी सिद्ध झालेला आहे, त्याविषयी इतकं कमी का बोललं जातं?

त्याला ‘बिहेवियरल अॅक्टिव्हेशन’ म्हणतात. अमेरिकेत पीटर लुइनसन यांनी १९७०च्या दशकात त्याचा पाया घातला. विचार साधा आहे. नैराश्यात माणूस करावंसं वाटण्याची वाट पाहत बसतो, आणि ते वाटत नाही, कारण वाटण्याचं यंत्रच मंदावलेलं आहे. काही न केल्याने बक्षिसं थांबतात आणि यंत्र आणखी मंदावतं. म्हणून क्रम उलटा करायचा. वाटण्याआधी करायचं, पण कुंपण अगदी बुटकं करून. फिरायला जाण्याऐवजी चपला घालून फाटकापर्यंत. मैत्रिणीच्या घरी जाण्याऐवजी पाच मिनिटांचा फोन. वेळ आधी ठरवायची, झालं ते लिहायचं, बरं वाटलं की नाही तेही लिहायचं, कारण मेंदू त्याची नोंद स्वतःहून ठेवत नाहीये. गोडी शाबूत असू शकते, हे बेरिजच्या उंदरांनी दाखवलं होतं. या उपचाराचा सगळा भरवसा तिच्यावर आहे.

‘घराबाहेर पड, छंद लाव, मन रमव’ हा घरोघरीचा सल्ला आणि हा उपचार वरवर सारखे वाटतील. दोन्हींत फार मोठं अंतर आहे. सल्ला देणारा डोंगर दाखवतो आणि निघून जातो. उपचार करणारा पहिली पायरी कोरून देतो, सोबत चढतो, आणि पाय घसरला तर पुढच्या आठवड्यात आणखी लहान पायरी कोरतो.

गोव्यात हे काम डॉक्टरांनी केलं नाही. १९९६ साली तिथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने, विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचे सुधारित उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला या समुपदेशकांबरोबर सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. समुपदेशक एकमेकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकून काम तपासत. ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निकाल असा होता, की तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवरचे ३९ टक्के. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता, आणि ज्यांच्या रोजच्या कृती वाढल्या होत्या त्यांच्यात तो मुख्यतः दिसला. ब्रिटनमध्ये २०१६ साली ४४० रुग्णांच्या चाचणीत, कमी प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी दिलेला हाच उपचार तज्ज्ञांनी दिलेल्या महागड्या मानसोपचारापेक्षा कमी ठरला नाही.

महाराष्ट्रालाही हे अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्या जिल्ह्याच्या नशिबी शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या किती आल्या, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, १२ राज्यांच्या आकडेवारीवरून, दर २० माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचं आणि नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. एवढ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ पुढच्या पिढीतही तयार होणार नाहीत. गोव्याच्या धर्तीवरचे समुपदेशक मात्र काही महिन्यांत तयार होऊ शकतात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक माणूस असावा, पगारी आणि कायमचा, ही मागणी आता अर्थसंकल्पाच्या चर्चेत यायला हवी. प्रकल्प संपला की माणसं पांगतात आणि गावात आधी होतं तेच उरतं, हे फार वेळा झालं आहे.

केंद्र सरकारची १४४१६ ही ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मरणाचे विचार येत असतील तर तिथे किंवा जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी बोललं पाहिजे. पण ज्याला फोन उचलावासाच वाटत नाही, त्याच्यासाठी नंबर घरातल्या दुसऱ्याने फिरवायचा असतो, आणि मग रिसीव्हर त्याच्या हातात देऊन शेजारी बसायचं असतं.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी जो तपासणी अर्ज भरतात, त्यात रक्तदाब आणि मधुमेहाच्या प्रश्नांनंतर मनाचे दोन प्रश्न आता आलेले आहेत. पहिला तोच. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला, असं किती दिवस झालं? एका हातात रजिस्टर, समोर चुलीशी बसलेली बाई, दारात डोकावणारी सासू, आणि अजून वीस घरं बाकी. हा प्रश्न घाईत वाचला तर उत्तर ‘तसं काही नाही’ असंच येतं. तोच प्रश्न बसून, सासूला जरा बाहेर धाडून, तिच्या बोलीत विचारला, की ‘ताई, आधी काय काय करावंसं वाटायचं?’, तर ती बाई थोडा वेळ गप्प राहते आणि मग सांगू लागते.